परतवाड्यापुढचा मध : रस्त्याकडेला थांबून चाखायचा कसा, घ्यायचा कसा

मागच्या एप्रिलात पुण्याचा मावसभाऊ चार दिवसांसाठी अमरावतीला आला होता. चिखलदऱ्याला निघालो. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू व्हायचा होता, तेवढ्यात त्यानं विचारलं, "दादा, तिकडे पुण्यात मधाची वाईन चाखायला बसवतात. छोट्या ग्लासांत पाच-सहा प्रकार मांडतात, एकेक घोट घ्यायचा. तुमच्याकडे रस्त्यात असं काही लागतं का?" मी म्हटलं, लागतं ना. पण वाईन नाही, वाईन व्हायच्या आधीचा मध. ग्लासाऐवजी चमचा, आणि टेबलाऐवजी खाटेवर मांडलेल्या बाटल्या.

तो हसला. परतताना मात्र त्याच्या पिशवीत तीन बाटल्या होत्या आणि तिन्हींची चव त्याला वेगवेगळी सांगता येत होती. त्या दिवशी त्याला जे जे सांगितलं ते सगळं खाली लिहितो. मेळघाटच्या रस्त्यावर बरेच लोक मधासाठी गाडी थांबवतात. काचेतून भाव विचारतात, अर्ध्यावर आणतात, बाटली मागच्या सीटवर टाकतात आणि घरी जाऊन "हा तर गुळाचा पाक आहे" म्हणतात. त्यातल्या निम्म्यांनी चाखलेलाच नसतो.

कधी निघायचं

मधाला हंगाम असतो, आंब्यासारखाच. आमच्या भागात फुलोरा थंडी संपता संपता सुरू होतो आणि मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत ताजा मध मिळतो. एप्रिल-मेमध्ये जांभूळ फुलून गेलेलं असतं. तो मध रंगानं काळसर आणि शेवटाला किंचित कडवट लागतो. खाली सपाटीवर, म्हणजे अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूडच्या संत्रापट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो. त्या वेळी बागेत मधमाशा पाळायच्या पेट्या ठेवलेल्या असल्या तर फिकट रंगाचा, संत्र्याच्या फुलांचा वास असलेला मध मिळतो. पण बागेत औषधाची फवारणी चालू असली की माशा मरतात, म्हणून सगळ्याच बागांत पेट्या दिसत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला धुकं बघायला जरूर जा, मधासाठी जाऊ नका. मध हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पावसाळ्यात उघड्या डब्यात राहिलेला मध पातळ होत जातो. तेव्हा विकायला असतो तो बहुतेक उन्हाळ्यातलाच, आणि कसा साठवला हे तुम्हाला दिसत नाही.

सकाळी निघा. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून पुढे घाट. दहा-साडेदहापर्यंत वर पोचलात की विकणाऱ्यालाही बोलायला सवड असते. बारानंतर पर्यटकांच्या गाड्या लागतात आणि मग फक्त "किती? कमी करा" एवढंच बोलणं होतं.

तोंड कोरं ठेवा

हे लोकांना पटत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, तोंडात टाकून मध चाखता येत नाही. पान खाऊन नाही, सिगारेट ओढून नाही, आणि परतवाड्यात तर्री पोहे हाणून तर मुळीच नाही. तिखटानं जीभ एकदा बधिर झाली की तासभर सगळं नुसतं गोड लागतं. मी भावाला सकाळी साधी पोळी आणि बिनसाखरेचा चहा दिला होता. तो कुरकुरला, पण मध चाखताना त्यालाच कळलं.

सोबत काय घ्यायचं: साधं पाणी, थोडे मुरमुरे किंवा ज्वारीची कोरडी भाकर, चार-पाच स्टीलचे लहान चमचे आणि ओला रुमाल. दोन चवींच्या मध्ये भाकरीचा तुकडा चावून पाण्यानं चूळ भरली की जीभ पुन्हा तयार. घरातला लहान वजनकाटा असला तर तोही पिशवीत टाका, पुढे कामाला येईल. सेंट मारून जाऊ नका. त्याचं एक कारण वास, दुसरं कारण पुढे येतंच.

कुठं थांबायचं

झाडाखाली खाट किंवा मोडकं टेबल, त्यावर बाटल्या, बाजूला स्ट्रॉबेरी, सीताफळ किंवा खवा, हंगाम असेल तसं. चिखलदऱ्याची रबडी आणि खवा लोक आवर्जून घेतात, म्हणून गवळ्यांच्या दुकानांतही मध ठेवलेला असतो. याशिवाय चिखलदरा तालुक्यातलं आमझरी हे 'मधाचं गाव' म्हणून खादी ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेत आलं आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये पहिलं मधाचं गाव केलं, त्याच योजनेतलं. तिथं पेट्यांतला मध बघायला मिळतो, माणसंही समजावून सांगतात. पहिल्यांदाच जात असाल तर तिथून सुरुवात करा, म्हणजे पेटीच्या मधाची चव जिभेवर बसते आणि मग रस्त्यावरचा जंगली मध त्याच्याशी ताडून बघता येतो.

थांबल्यावर बाटल्या कुठं ठेवल्यात ते आधी बघायचं. तळपत्या उन्हात दिवसभर ठेवलेल्या बाटल्यांतला मध भाजून निघालेला असतो. सावलीत, पोत्याखाली झाकलेल्या बाटल्या दिसल्या की मला बरं वाटतं.

विचारायचं काय

भाव सगळ्यात शेवटी. आधी बसायचं. विकणारे बहुतेक कोरकू आदिवासी, काही गवळी. म्हाताऱ्या माणसाला काकाजी म्हणा, बाईला मावशी म्हणा, आणि एकदम मोबाईल काढून व्हिडिओ करू नका.

पहिला प्रश्न: कोणत्या माशीचा? आपल्याकडे मधाच्या माशा चार प्रकारच्या धरतात. आग्या म्हणजे मोठी माशी, उंच झाडावर नाहीतर कड्यावर एकच भलंमोठं पोळं लावते, कोणाला पाळू देत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात एकाशेजारी एक पोळी लावते, हीच पेटीत पाळतात. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते. आणि पोया, माशीएवढीही नाही, डंख नसलेली, तिचा मध आंबूस आणि अगदी थोडा. पेट्यांमध्ये बाहेरून आणलेली मेलिफेरा माशीही असते. ज्यानं स्वतः मध काढला आहे तो या प्रश्नाला क्षणाचाही विचार न करता उत्तर देतो. ज्यानं बाजारातून कॅन आणून बाटल्या भरल्या आहेत तो म्हणतो, "जंगलाचा आहे साहेब, एकदम प्युअर."

दुसरा प्रश्न: निथळला की पिळला? यावर बरंच काही ठरतं. आग्याच्या पोळ्यात मध फांदीला लागून वरच्या भागात साठवलेला असतो, खाली अंडी आणि अळ्या असतात. जुन्या रीतीनं रात्री टेंभा लावून माशा जाळायच्या, अख्खं पोळं उतरवायचं आणि कपड्यात घालून पिळायचं. त्यात मधाबरोबर अळ्यांचा रस, परागकण, मेण सगळं उतरतं. मध गढूळ होतो आणि लवकर आंबतो. शहाणा माणूस फक्त मधाचा भाग कापतो, अळ्यांचा भाग तसाच ठेवतो, म्हणजे माशा राहतात आणि पोळं पुन्हा भरतात. कापलेला भाग चाळणीवर ठेवून निथळू देतो. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं आग्या मध असा माशा न मारता काढायचं काम बरीच वर्षं लोकांना शिकवलं आहे. निथळलेल्या मधाचे चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते. पुढच्या वर्षी माशी हवी असेल तर तेवढं द्यावंच लागेल.

तिसरा: कधी काढला? महिना सांगितला की फुलोरा जुळतो का ते मनात ताडायचं. जूनमध्ये कोणी "संत्र्याच्या फुलांचा, परवाच काढला" म्हणत असेल तर हसून पुढचा प्रश्न विचारायचा.

आता चाखायचं

फिकटापासून सुरू करा, काळ्याकडे जा. उलट केलं तर जांभळाच्या मधानंतर संत्र्याचा मध पाण्यासारखा लागतो. प्रत्येक बाटलीचा पाव चमचा, त्याहून जास्त नको. तीन प्रकारांनंतर थांबा, चौथ्याची चव मुळी कळतच नाही. भाऊ म्हणे पुण्यात सहा ठेवतात. ठेवोत, त्यांच्या ग्लासात पाणी मिसळलेलं असतं.

आधी बाटली उलटी-सुलटी करून आतला बुडबुडा बघा. दाट मधात तो आळसावल्यासारखा वर सरकतो, पातळ मधात पळतो. मग वास घ्या. झाकण उघडल्या उघडल्या दारूसारखा किंवा ताकासारखा आंबट वास आला तर तो मध आंबायला लागलेला आहे. मग चमचा जिभेच्या टोकावर ठेवून लगेच गिळू नका. वितळू द्या, तोंडभर फिरवा, मग नाकानं श्वास सोडा. फुलाचा वास त्या श्वासात येतो. गिळल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा. खऱ्या मधाची चव एकदा येऊन संपत नाही. आधी गोड, मग काहीतरी, कधी आंबट, कधी कडवट, कधी घशाशी किंचित झोंबणारं. साखरेच्या पाकाची चव समोरच्या समोर संपते. ही काही परीक्षा नाही, सवयीनं येणारी जाण आहे, आणि पाच-सहा ठिकाणी चाखल्याशिवाय ती येत नाही.

भावानं पहिल्या बाटलीला "गोड" म्हटलं, दुसरीला "जास्त गोड". तिसरी जांभळाची होती. तो थांबला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "हे जांभूळ खाऊन जीभ जांभळी झाल्यावर लागतं तसं." खाटेवर बसलेल्या काकाजींनी तेवढ्यात माझ्याकडे बघून मान हलवली.

काडी, कापूस आणि कुत्रा

दहा-बारा वर्षांपूर्वी मीही शहाणपणा केला होता. एका म्हाताऱ्या बुवाच्या खाटेसमोर उभं राहून कापसाची वात मधात बुडवली आणि काडी लावली. "जळाली तर खरा." वात तडतडली, विझली. मी विजयी मुद्रेनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "भाऊ, ओल्या कापसाले आग लागते का?" आग्याच्या मधात पाणी जास्त असतं, वात तडतडणारच. आणि दाट पाकात बुडवलेली वात झकास जळते.

पाण्याच्या ग्लासात थेंब सोडणं, कागदावर ठेवणं, अंगठ्याच्या नखावर ठेवणं, मुंग्या लागतात का बघणं, कुत्रा तोंड लावतो का बघणं, यातलं काहीही खरा-खोटा सांगत नाही. दाट पाकही तळाला जाऊन बसतो आणि मुंग्यांना मधाचं वावडं नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या संस्थेनं बाजारातले नावाजलेले मध तपासले. तेव्हा दिसलं की प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक बनवून मिसळले जातात, आणि ते पकडायला एनएमआर नावाची महागडी तपासणी लागते. यंत्रं फसतात तिथं तुमच्या काडीपेटीनं काय होणार?

मध गोठला, तळाला रवा धरला म्हणून तो साखरेचा, हा आणखी एक गैरसमज. तूप रवाळ होतं तसाच मधही होतो. ग्लुकोज जास्त असेल तर लवकर, कमी असेल तर उशिरा. सूर्यफुलाचा आणि मोहरीचा मध तर बघता बघता बसतो.

म्हणून मी माणूस बघतो, उत्तरं ऐकतो आणि जिभेवर विश्वास ठेवतो. एवढं करूनही दोनदा फसलो आहे, पण छोटी बाटली घेतली होती म्हणून फार लागलं नाही. अनोळखी ठिकाणी पहिल्यांदा छोटीच घ्या.

दुकानात लेबल असलेली बाटली घेत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक बघा. त्यांच्या मानकात मधात पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जंगली आग्या मधात ते सहज त्याच्या वर जातं. तो भेसळीचा नव्हे, फक्त ओला असतो. त्याला लवकर संपवावं लागतं एवढंच.

खंबा, अद्धा, पव्वा

रस्त्यावरचा मध बहुतेक दारूच्या धुतलेल्या बाटल्यांत असतो. नाक मुरडू नका, काच चांगली असते. पण हिशेब नीट करा. मध पाण्यापेक्षा जड, साधारण 1.4 पट. 750 मिलीच्या खंब्यात एक किलोपेक्षा थोडा जास्त मध बसतो, 375 मिलीच्या अद्ध्यात सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, 180 मिलीच्या पव्व्यात पाव किलो. कोणी खंब्याला "दीड किलो आहे" म्हणालं तर हळूच काटा काढा. उलट "एक लिटर" म्हणून किलोच्या भावानं विकणारा बिचारा स्वतःच तोट्यात जात असतो, त्यालाही सांगून टाका.

भाव करायचाच तर थोडा करा. पोळं साठ फुटांवर असतं आणि दोरावरून उतरणारा माणूस विमा काढून चढत नाही.

आग्यापासून लांब

कोणी "चला, पोळं दाखवतो" म्हणालं तर लांबून बघा. सेंट, गडद कपडे, भडक केसतेल टाळा. दगड मारणं, धूर करणं, खाली उभं राहून ओरडणं, यातलं काहीही नको. एक माशी डंखली की तिच्या वासानं बाकीच्या येतात. आल्याच तर तोंड झाकून सरळ पळायचं, गाडीत किंवा घरात शिरायचं, विहिरीत किंवा तळ्यात उडी मारायची नाही. काटा चिमटीनं दाबून न काढता नखानं खरवडून काढायचा. बरेच डंख लागले, श्वास अडकायला लागला किंवा तोंड सुजलं तर वेळ न घालवता दवाखाना.

बाटली घरी आली, आणि वाईनचं काय

त्या दिवशीची एक बाटली भावानं गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवली. मे महिना आठवड्यावर आलेला. पुण्याला पोचेपर्यंत झाकणाखालून फेस आला होता, बूच उडालं नाही एवढंच नशीब. त्याचा फोन आला: "दादा, खराब झाला का?"

खराब नाही, त्याची वाईन व्हायला लागली होती. मधात साखर इतकी दाट असते की आतलं यीस्ट निपचित पडून राहतं. पाणी पाचव्या हिश्श्याच्या, म्हणजे वीस टक्क्यांच्या पलीकडे गेलं की ते जागं होतं आणि साखरेचं अल्कोहोल करायला लागतं, सोबत वायू. हेच काम मुद्दाम, मधात मोजून पाणी आणि निवडलेलं यीस्ट घालून केलं की त्याला मीड म्हणतात. सफरचंदाच्या रसाचं केलं की सायडर. पुण्याची मूनशाईन मीडरी आणि नाशिकची सेराना हे उद्योग मधापासून मीड करतात. ज्याला ती चव घ्यायची आहे त्यानं तिकडे जावं.

आमच्या रस्त्यावर ते का दिसत नाही, त्यालाही कारणं आहेत. सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या डिसेंबरात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारू विकायला मनाई केली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी पुढे ते अंतर 220 मीटरवर आणलं आणि शहरी हद्दींना सवलती दिल्या. शिवाय विदर्भात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. तेव्हा पुण्याहून मीडची बाटली घेऊन वर्ध्यात शिरलात तर मधाची आहे म्हणून कोणी सोडणार नाही. घरी भांड्यात आंबवून बघायची हौस करू नका, विनापरवाना दारू गाळणं आणि बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. आणि कुठंही चाखली तरी गाडीचं चाक दुसऱ्याकडे द्या. रक्ताच्या 100 मिलीत 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की केस होते, आणि घाटात तर केसपर्यंतही पोचायला मिळत नाही.

भावाला सांगितलं, झाकण हळूच सैल कर, वायू जाऊ दे, फ्रिजमध्ये ठेव आणि पंधरा दिवसांत संपव. ओल्या मधाला एरवीही फ्रिजच बरा. दाट मध मात्र बाहेर, अंधारात, घट्ट झाकणात. कोरडा चमचाच घालायचा. गोठला तर गॅसवर तापवू नका, कोमट पाण्यात बाटली ठेवा. आमच्याकडे एप्रिल-मेत गॅलरीत तासभर ठेवली तरी पुरते.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेवर मध लावू नका, गुटीतूनही नाही. आजी रागावली तरी चालेल. मधात बॉट्युलिझम या विषबाधेचे जंतूबीज असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. आणि शुगर असलेल्यांनी मध "नैसर्गिक" म्हणून चमचे मोजणं सोडू नये.

बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: गाव, महिना, माशी, फूल. माझ्या कपाटात आत्ता दोन आहेत. एकीवर लिहिलंय "आग्या, जांभूळ, एप्रिल, निथळलेला". दुसरीवर भावाच्या अक्षरात नुसतं "तिसरा".